‘धरून देणे’ : एका क्रियापदाचा इतिहास

पवित्र सप्ताहातील बुधवारच्या मिस्सामध्ये संत मत्तयलिखित शुभवर्तमानातील जो उतारा वाचला जातो, त्यात यहूदा इस्कर्योत मुख्य याजकांकडे जातो आणि चांदीच्या तीस नाण्यांवर सौदा ठरतो. पश्चिमेकडील काही देशांत या दिवसाला ‘हेराचा बुधवार’ असेच नाव पडले आहे. मी धर्मशिक्षणाच्या वर्गात असताना माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाने हा उतारा ऐकून उभे राहून विचारले होते : प्रभूच्या मरणाने जगाचे तारण व्हावयाचे हे परमेश्वराने आधीच ठरविले होते, ते मरण कोणीतरी धरून दिल्याशिवाय घडणार नव्हते, मग यहूदाचे चुकले कोठे? बाईंनी त्याला खाली बसावयास सांगितले. पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या वाचनात आले की इ. स. १७८ च्या सुमारास सेल्सस नावाच्या एका मूर्तिपूजक पंडिताने ख्रिस्तसभेला हाच प्रश्न विचारला होता, आणि त्याला कोणी खाली बसविले नव्हते. त्याला सविस्तर उत्तर मिळाले, तेही सत्तर वर्षांनंतर.

धर्मज्ञानाच्या ग्रंथांत हा विषय ‘ईश्वराचे सार्वभौमत्व आणि मानवाचे उत्तरदायित्व’ अशा भारदस्त मथळ्याखाली येतो. प्रस्तुत लेखकाचा त्या ग्रंथांवर अधिकार नाही. परंतु इतिहासाचा विद्यार्थी एक गोष्ट करू शकतो : एका शब्दाचे बोट धरून तो शतकांमागून शतके चालू शकतो. तो शब्द आहे ‘धरून देणे’.

आपल्या मराठी शुभवर्तमानांत यहूदाच्या कृत्यासाठी हे क्रियापद रूढ झाले आहे. मूळ ग्रीकमध्ये तेथे ‘पारादिदोमी’ असा शब्द आहे. त्याचा साधा अर्थ ‘हवाली करणे’, ‘सोपवून देणे’ असा. त्यात विश्वासघाताचा अर्थ मुळातच भरलेला नाही. विश्वासघातक्याला ग्रीकमध्ये ‘प्रोदोतेस’ असा स्वतंत्र शब्द होता, आणि चारही शुभवर्तमाने मिळून तो यहूदाला फक्त एकदा, संत लूकने शिष्यांची नावे देताना, लावलेला आहे. इतरत्र सर्वत्र तो ‘हवाली करणारा’ आहे. आता गंमत पाहा, किंबहुना गंमत हा शब्द येथे शोभत नाही. यहूदा येशूला याजकांच्या हवाली करतो, याजक त्याला पिलाताच्या हवाली करतात, पिलात सैनिकांच्या हवाली करतो. आणि संत पौल रोमकरांस लिहितो की पित्याने आपल्या पुत्राला आम्हां सर्वांसाठी हवाली केले, व गलतीकरांस लिहितो की पुत्राने स्वतःलाच हवाली केले. सर्वत्र क्रियापद तेच. मराठीत आपल्याला अर्थ पाहून शब्द बदलावे लागतात : यहूदा धरून देतो, याजक स्वाधीन करतात, पिता नुसतेच देतो. भाषांतर त्यामुळे सुबोध होते, परंतु पहिल्या पिढीतील ख्रिस्ती श्रोत्याला कानाला जाणवणारा धक्का आपल्याला जाणवत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, अंतिम भोजनाचा वृत्तान्त सांगताना, पौल एकाच वाक्यात हे क्रियापद दोनदा वापरतो : जे मी तुम्हांला सोपविले, ते ज्या रात्री प्रभूला सोपवून देण्यात आले त्या रात्रीचे. परंपरा सोपविणे आणि माणूस सोपविणे यांना एकच शब्द.

सेल्ससचा आक्षेप असा होता की येशू देव असून त्याने हा घात आधी सांगितला असेल, तर तो घडणे अटळ होते. म्हणजे आपल्याबरोबर जेवणाऱ्या शिष्यांना देवानेच दुष्ट बनविले. इ. स. २४८ च्या सुमारास ओरिजेन या थोर पंडिताने त्याला उत्तर दिले. त्याचा युक्तिवाद आजही ताजा वाटतो. पुढे घडणारी गोष्ट घडते ती कोणी भाकीत केले म्हणून नव्हे. ती घडणार असते म्हणून भाकीत करता येते. ओरिजेन आणखी एक गोष्ट लिहून गेला, जी पुढील शतके विसरली. यहूदाने नाणी परत नेऊन टाकली आणि निरपराध रक्ताविषयी आपण पाप केले असे कबूल केले, यावरून प्रभूच्या शिकवणीचा काही अंश त्याच्या अंतःकरणात शिल्लक होता असे त्याने म्हटले.

येथे मला स्वतःला एक मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. त्याच रात्री प्रभूने पेत्राच्या नाकारण्याचेही भाकीत केले होते, तेही तीन वेळा, कोंबडा आरवण्यापूर्वी, इतक्या तपशिलाने. तरीही ‘पेत्राचा इलाज नव्हता, ते ठरलेलेच होते’ असे कोणी म्हटल्याचे मी वाचलेले नाही. पेत्राने अंगणाबाहेर जाऊन जे अश्रू गाळले ते खोटे होते असेही कोणी म्हणत नाही. भाकिताने स्वातंत्र्य नष्ट होत असेल तर दोघांचेही व्हावयास हवे.

ओरिजेनच्याही आधी दुसऱ्या बाजूने एक सोपी वाट काढण्यात आली होती. इ. स. १८० च्या सुमारास ल्योंचे बिशप संत इरेनेयस यांनी एका पंथाचा उल्लेख केला आहे. त्या पंथाच्या मते सत्य फक्त यहूदालाच कळले होते, आणि त्यांनी ‘यहूदाचे शुभवर्तमान’ नावाचा ग्रंथ रचला होता. हा ग्रंथ कायमचा नष्ट झाला असेच मानले जात होते. परंतु इजिप्तमध्ये सापडलेल्या एका जुन्या कॉप्टिक हस्तलिखितात तो मिळाला आणि एप्रिल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात येशू यहूदाला सांगतो की माझ्यावर चढलेला हा मनुष्यदेह तू बळी देशील. यहूदा त्यात नायक आहे की सैतानाचे साधन, यावर २००७ पासून पंडितांत वाद आहे. वृत्तपत्रांनी मात्र त्या वेळी ‘यहूदा निर्दोष’ असे मथळे देऊन वाद आधीच मिटविला होता! इरेनेयस यांचा विरोध कशाला होता हे ध्यानात घ्यावयास हवे. घात करणाऱ्याला देवाच्या योजनेचा एकमेव जाणकार ठरविले की घात हा घात राहत नाही, आणि ज्याचा घात झाला त्याच्या वेदनेलाही अर्थ उरत नाही. देह हे केवळ टाकून देण्याचे वस्त्र ठरते.

येथवर प्रश्न पुस्तकांतला होता. चौथ्या शतकाच्या आरंभी तो उत्तर आफ्रिकेतील घराघरांत शिरला.

फेब्रुवारी ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशनचा हुकूम निघाला : ख्रिस्ती लोकांची प्रार्थनास्थळे पाडावीत, त्यांचे पवित्र ग्रंथ जप्त करून जाळावेत. त्या वर्षीच्या १९ मे रोजी आजच्या अल्जीरियातील किर्ता या नगरात अधिकारी ख्रिस्ती लोकांच्या सभागृहात आले. त्यांनी केलेल्या पंचनाम्याची नोंद आजही उपलब्ध आहे. सोन्याचे दोन पेले, चांदीचे सहा पेले, दिवे, आणि गरिबांना वाटण्यासाठी ठेवलेले कपडे : स्त्रियांचे ब्याऐंशी अंगरखे, पुरुषांचे सोळा, शिवाय पादत्राणांचे जोड. बिशप पौलुस तेथे बसलेले होते. ग्रंथ वाचकांच्या घरी आहेत असे त्यांनी सांगितले. उपदीक्षित सिल्वानुसने एक चांदीची पेटी आणि चांदीचा दिवा आणून दिला, आणि तो रांजणामागे सापडला असे म्हणाला. त्यावर एक सरकारी माणूस त्याला म्हणाला की ते सापडले नसते तर तुझे मरण ओढवले असते. नंतर अधिकारी एकेका वाचकाच्या घरी गेले आणि ग्रंथ गोळा केले. हा पंचनामा वाचताना मला दरवेळी ते ब्याऐंशी अंगरखे आठवत राहतात. भ्यालेली, साधी माणसे होती ती.

हवाली करणे याला लॅटिनमध्ये ‘त्रादेरे’ म्हणतात, आणि ज्यांनी ग्रंथ हवाली केले त्यांना लोक ‘त्रादितोरेस’ म्हणू लागले. ज्या भाषेचे संस्कार आपल्या वसई-गोव्याच्या पूर्वजांवर झाले त्या पोर्तुगीजमध्ये ‘त्राइदोर’ म्हणजे विश्वासघातकी आणि ‘त्रादिसांव’ म्हणजे परंपरा, हे दोन्ही शब्द याच एका मुळातून आले आहेत. छळ थांबला तेव्हा आफ्रिकेच्या ख्रिस्तसभेपुढे प्रश्न उभा राहिला. ज्याच्या हातांनी ग्रंथ दिले, त्या हातांनी दिलेला स्नानसंस्कार खरा की खोटा? कार्थेजचे बिशप म्हणून सेसिलियान यांची निवड झाली. त्यांना दीक्षा देणारे बिशप फेलिक्स हे ‘त्रादितोर’ होते असा आरोप करून एक मोठा गट वेगळा झाला. दोनातुस या त्यांच्या नेत्यावरून त्यांना दोनातिस्त म्हणतात. चौकशीत फेलिक्स निर्दोष ठरले, आणि ३१४ मध्ये आर्ल येथील परिषदेने निर्णय दिला की ग्रंथ देणारा स्वतः पदास मुकतो, परंतु त्याने दिलेली दीक्षा टिकते. फूट मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली.

या कथेचा उपसंहार किर्तामध्येच आहे. शुद्धांचा गट म्हणविणाऱ्या दोनातिस्तांचा किर्ता येथील बिशप पुढे कोण झाला? तो दिवा आणून देणारा सिल्वानुस. ३२० मध्ये त्याच्याच एका दीक्षिताशी त्याचे भांडण झाले, प्रकरण प्रांताधिकाऱ्यापुढे गेले आणि सतरा वर्षांपूर्वीचा पंचनामा मोठ्याने वाचण्यात आला. तो आपल्यापर्यंत पोहोचला तो या भांडणामुळेच.

हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांना हा वारसा मिळाला. दोनातिस्तांना उत्तर देताना त्यांनी यहूदाचाच दाखला घेतला. प्रभूने शिष्यांना स्नानसंस्कार देण्यास पाठविले, त्यांत यहूदाही होता. त्याने ज्यांना स्नानसंस्कार दिला, त्यांना कोणी पुन्हा दिला नाही. कारण तो यहूदाचा नव्हता, ख्रिस्ताचा होता. माणूस आपल्या कृत्याला पूर्ण जबाबदार राहतो, परंतु परमेश्वराच्या हातचे दान त्यामुळे दूषित होत नाही. सार्वभौमत्व आणि उत्तरदायित्व हे दोन्ही शब्द न उच्चारता ऑगस्टीन यांनी ते येथे एकत्र ठेवले आहेत.

सुमारे ४०७ साली, पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवसांत, त्यांनी संत योहानच्या पहिल्या पत्रावर प्रवचने दिली. सातव्या प्रवचनात ते त्या क्रियापदापाशी येतात. पित्याने पुत्राला हवाली केले, पुत्राने स्वतःला हवाली केले, यहूदाने गुरूला हवाली केले. कृत्य एकच दिसते, मग फरक कशात? फरक हेतूत, असे ते सांगतात. पित्याने आणि पुत्राने जे प्रेमाने केले ते यहूदाने कपटाने केले. परमेश्वराने आपल्या तारणाचा विचार केला, यहूदाने मिळणाऱ्या किमतीचा. कृत्यातून निघालेल्या चांगल्या फळाचे श्रेय यहूदाला मिळत नाही, कारण ते फळ त्याने इच्छिलेच नव्हते. प्रेमाविषयीचे त्यांचे सर्वांना पाठ असलेले वचन याच प्रवचनात आहे; ते उद्धृत करणारे बहुतेक जण ते यहूदाच्या संदर्भात आले आहे हे विसरतात. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुमा’च्या तिसऱ्या भागात हाच विचार उचलला आणि यादी वाढविली : पित्याने प्रेमापोटी, यहूदाने लोभापोटी, याजकांनी मत्सरापोटी, पिलाताने सम्राटाच्या भीतीपोटी.

माझ्या शाळकरी मित्राला द्यावयाचे उत्तर येथे बरेचसे मिळाले असते. परंतु ऑगस्टीन यांनी याच यहूदाविषयी आणखी दोन गोष्टी लिहिल्या, आणि त्यांचे ओझे पुढील पिढ्यांना दीर्घकाळ वाहावे लागले.

पहिली गोष्ट एका स्तोत्राच्या विवरणात आहे. पेत्र हा जसा ख्रिस्तसभेचे प्रतीक, तसा यहूदा हा ख्रिस्ताच्या शत्रूंचे, म्हणजे यहुदी लोकांचे प्रतीक असे त्यांनी तेथे मांडले. मराठीत यहूदा आणि यहुदी या शब्दांत जे साम्य आहे तेच ग्रीकमध्ये आणि लॅटिनमध्येही आहे. एका माणसाचा अपराध नावाच्या साम्यामुळे एका समाजाच्या माथी मारणे सोपे झाले. यहूदाही यहुदी, पेत्रही यहुदी, मरियाही यहुदी, स्वतः प्रभूही यहुदी, हे भान सुटले. १०९६ मध्ये पहिल्या क्रूसयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्झ या नगरांत यहुद्यांची कत्तल केली. जोत्तोने १३०५ च्या सुमारास पादुआ येथील प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर यहूदाचे चुंबन रंगविले, त्यात यहूदाच्या पिवळ्या झग्यात प्रभू जवळजवळ झाकून गेला आहे. चित्र अप्रतिम आहे. तो पिवळा रंग मात्र अनेक नगरांत यहुद्यांच्या अंगावर सक्तीने चढविला गेला. आपल्या किनाऱ्यालाही याची झळ लागली. मुंबई बेट ज्याच्याकडे पट्ट्याने होते तो वैद्य गार्सिया द ओर्ता हा यहुदी वंशाचा. त्याच्या बहिणीला गोव्याच्या इन्क्विझिशनने १५६९ मध्ये जिवंत जाळले, आणि आधीच वारलेल्या गार्सियाची हाडे १५८० मध्ये उकरून जाळली. एखाद्या पापाचे उत्तरदायित्व करणाऱ्यावरून काढून भलत्यावर ठेवले की काय घडते याची ही उदाहरणे आहेत.

मध्ययुगाने यहूदाला नशीबही बहाल केले. तेराव्या शतकातील ‘सुवर्ण आख्यायिका’ या संतचरित्रांच्या संग्रहात त्याची जन्मकथा आहे. त्याच्या आईला स्वप्न पडते की आपला मुलगा आपल्या वंशाचा नाश करील. ती बाळाला पेटीत घालून समुद्रात सोडते. मराठी वाचकाला येथे कर्णाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पेटी इस्कर्योत नावाच्या बेटाला लागते, राणी त्याला वाढविते; पुढे तो नकळत बापाला मारतो आणि आईशी लग्न करतो. ही शेवटची कलाटणी ग्रीकांच्या ईडिपसची. संग्रहकार याकोबुस, जो पुढे जेनोआचा आर्चबिशप झाला, तो स्वतःच सांगतो की ही कथा विश्वसनीय ग्रंथांतील नाही. तरी त्याने ती दिली, आणि लोकांनी ती आवडीने ऐकली. कथेतील मला आवडणारा भाग पुढे आहे. सत्य कळल्यावर तीच आई यहूदाला प्रभूकडे पाठविते. तो क्षमा मागतो, आणि प्रभू त्याला शिष्य करून घेतो. म्हणजे जन्मनशिबाचा सारा बोजा येथे संपला आहे. पुढचा घात हा क्षमा मिळालेल्या, मोकळ्या माणसाचा आहे. लोककथेला हे तत्त्वज्ञान कोणी शिकविले असेल?

सोळाव्या शतकात वाद पुन्हा पेटला. १५२४ मध्ये इरास्मसने मानवी इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिले, १५२५ मध्ये मार्टिन ल्यूथरने त्याला उत्तर दिले. यहूदा दोघांच्याही ग्रंथांत आहे. ल्यूथरचे म्हणणे पुष्कळदा विपर्यस्त करून सांगितले जाते, म्हणून स्पष्ट लिहितो : यहूदावर कोणी जबरदस्ती केली असे तो म्हणत नव्हता, यहूदाने ते आपखुशीनेच केले, परंतु परमेश्वराचे ज्ञान चुकू शकत नाही म्हणून ते घडणे निश्चित होते, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याचा तरुण सहकारी मेलांक्थोन याने मात्र रोमकरांस पत्रावरील आपल्या आरंभीच्या टिपणांत पुढचे पाऊल टाकले. पौलाचे पाचारण जसे देवाचे कार्य, तसाच यहूदाचा घातही, असे त्याने लिहिले. पुढे त्याने स्वतःच हे मत सोडले. लेखी शब्द मात्र मागे राहिला.

१३ जानेवारी १५४७ रोजी त्रेंत येथील धर्मपरिषदेने आपल्या सहाव्या बैठकीत तेहतीस नियम संमत केले. त्यांतील सहावा नियम याच विधानाला उत्तर देतो. माणसाला आपला मार्ग वाईट करण्याची शक्ती नाही, आणि चांगल्या कृत्यांप्रमाणे वाईट कृत्येही देवच करतो, केवळ होऊ देतो असे नव्हे, त्यामुळे यहूदाचा विश्वासघात हे पौलाच्या पाचारणाइतकेच देवाचे स्वतःचे कार्य आहे, असे जो म्हणेल त्याला परिषदेने बहिष्कृत ठरविले. धर्मपरिषदांच्या नियमांत माणसांची नावे क्वचितच येतात. येथे दोन आहेत. मराठीत या नियमाचे मर्म दोन क्रियापदांत सांगता येते : घडविणे आणि घडू देणे. परमेश्वर पौलाचे पाचारण घडवितो, यहूदाचा घात घडू देतो, आणि घडू दिलेल्यातूनही तो तारण घडवितो.

एवढे सांगून परिषद थांबली. परमेश्वराची कृपा अचूक कार्य करते तरी माणूस मोकळा कसा राहतो, हे तिने उलगडून सांगितले नाही. ते सांगण्याच्या प्रयत्नात येशूसंघीय आणि डॉमिनिकन पंडित एकमेकांशी इतके भांडले की रोममध्ये त्यासाठी खास समिती बसली. अखेर १६०७ मध्ये पाचवे पोप पौल यांनी निकाल न देताच चर्चा थांबविली आणि दोन्ही पक्षांनी एकमेकांना पाखंडी म्हणू नये असे बजावले. मला हा निर्णय ख्रिस्तसभेच्या इतिहासातील अत्यंत शहाणपणाच्या निर्णयांपैकी वाटतो. त्या काळी येशूसंघाचे एक इंग्रज धर्मगुरू साष्टीत लोकांची भाषा शिकून ओव्या रचीत होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला १६१६ मध्ये छापून झाले. त्यात श्रोते मध्येच प्रश्न विचारतात आणि गुरू त्यांना उत्तरे देतात. युरोपातील पंडितांना जे पेलले नाही ते पुराणिकाच्या पद्धतीने सांगावयाचे काम त्यांनी पत्करले होते. आणि ल्यूथरच्या अनुयायांशी कृपेविषयीचा मूळ वाद ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे झालेल्या संयुक्त घोषणेने बऱ्याच अंशी निवळला.

त्रेंतच्या शिकवणीतील आणखी एक वाक्य दुर्लक्षित राहिले. १५६६ मध्ये धर्मगुरूंसाठी काढलेल्या प्रश्नोत्तरीत म्हटले आहे की ख्रिस्ताच्या क्रुसाचे खरे कर्ते सर्व पापी लोक आहेत, आणि या बाबतीत आपला अपराध यहुद्यांच्या अपराधाहून मोठा आहे, कारण आपण त्याला ओळखतो म्हणतो आणि तरी पाप करतो. हे छापलेले असूनही उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेत यहुद्यांना विश्वासहीन म्हणणारा शब्द १९५९ पर्यंत राहिला; तेविसावे पोप योहान यांनी तो काढला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने जाहीर केले की प्रभूच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट ठेवता येत नाही, आजच्या यहुद्यांवर तर मुळीच नाही.

ऑगस्टीन यांची दुसरी गोष्ट यहूदाच्या मरणाविषयी आहे. ‘देवनगरी’च्या पहिल्याच खंडात ते म्हणतात की गळफास घेऊन यहूदाने आपल्या पापाचे प्रायश्चित्त केले नाही, ते वाढविले, कारण तो देवाच्या दयेविषयी निराश झाला. यातील तत्त्व खोटे नाही. पण त्याचा वापर कसा झाला ते पाहावे. सहाव्या शतकात पोर्तुगालमधील ब्रागा येथील परिषदेने आत्महत्या करणाऱ्यांसाठी मिस्सामध्ये स्मरण करू नये असे ठरविले, आणि १९१७ च्या धर्मविधिसंहितेतही जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारलेले होते. माझ्या आजीला अशा एका पुरण्याची आठवण होती. घंटा वाजली नव्हती, आणि आई कुंपणाबाहेर उभी होती. आजी ते सांगे तेव्हा आवाज खाली आणी.

संत मत्तयचा वृत्तान्त नीट वाचला तर एक गोष्ट बोचते. यहूदा पश्चात्तापाने प्रथम दोरीकडे गेला नाही, तो याजकांकडे गेला. मी पाप केले आहे, असे त्याने त्यांना सांगितले. ते म्हणाले की आम्हांला त्याचे काय, तुझे तू पाहून घे. मग तो मंदिरात नाणी फेकून निघून गेला. त्याने त्या क्षणी प्रभूला शोधावयास हवे होते, हे ऑगस्टीन यांचे म्हणणे मान्य. पण ज्यांच्याकडे पापनिवेदन केले त्यांनी दार लावून घेतले, त्यांच्याही उत्तरदायित्वाचा हिशेब कोठेतरी मांडला जात असेल.

१९८३ च्या नव्या संहितेत दफन नाकारावयाच्या यादीतून आत्महत्या वगळली आहे. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात ती गंभीर पाप आहे हे सांगून पुढे म्हटले आहे की तीव्र मानसिक व्यथा, भीती वा यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि अशा माणसांच्या तारणाविषयी निराश होऊ नये. त्याच ग्रंथात असेही आहे की परमेश्वराच्या पूर्वनियोजनात प्रत्येक माणसाच्या स्वतंत्र प्रतिसादाचा समावेश असतो. यहूदाविषयी म्हणावे तर, दुसरे पोप जॉन पॉल यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतग्रंथात लिहिले की त्याच्या अनंत विनाशाविषयी प्रभूच्या शब्दांतूनही खात्रीने काही काढता येत नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये सोळावे पोप बेनेडिक्ट यांनीही बुधवारच्या सभेत सांगितले की न्याय करणे हे देवाचे काम, ते आपण हाती घेऊ नये.

याच्याही आधी, ३ एप्रिल १९५८ रोजी, उत्तर इटलीतील बोत्सोलो या लहानशा गावात डॉन प्रिमो माझ्झोलारी या धर्मगुरूंनी पवित्र गुरुवारच्या प्रवचनात यहूदाला ‘आपला भाऊ’ म्हटले. त्यांनी त्याचे पाप सौम्य केले नाही. प्रभूने बागेत त्याला मित्र म्हणून हाक मारली होती, एवढेच त्यांनी धरून ठेवले.

फ्रान्समधील व्हेझले येथे मरिया माग्दालेनाच्या महामंदिरात बाराव्या शतकातील एक स्तंभशीर्ष आहे. त्याच्या एका बाजूला लटकलेला यहूदा कोरला आहे : डोळे उघडे, जीभ बाहेर. दुसऱ्या बाजूला एक माणूस त्याचे प्रेत मेंढराप्रमाणे खांद्यांवर घेऊन चालला आहे. तो कोण, याविषयी कलेतिहासकारांचे एकमत नाही. कित्येकांच्या मते तो केवळ प्रेत वाहणारा आहे. पोप फ्रान्सिस यांनी जून २०१६ मध्ये रोमच्या धर्मप्रांतातील मेळाव्यात त्याला उत्तम मेंढपाळ म्हटले होते, आणि त्या शिल्पाचे चित्र ते आपल्या मेजामागे लावीत असत. स्तंभाच्या एकाच बाजूला उभे राहिले तर फक्त फास दिसतो. दुसरी बाजू पाहावयाची तर स्तंभाला वळसा घालावा लागतो.